आधी पाणी, मग काठ : ओढे-नद्यांच्या पुनरुज्जीवनाच्या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

एखाद्या स्थानिक परिषदेने ओढा किंवा नदी सुधारण्याचा ठराव केला की पुढच्या चर्चेचा ओघ बहुधा काठाकडे वळतो. पदपथ किती रुंद असावा, कठडा कोणत्या दगडाचा असावा, बाके कोठे ठेवावीत, दिवे कोणते लावावेत यांवर बैठकांमागून बैठका होतात. पाण्यात नेमके काय येते आणि कोठून येते हा प्रश्न मात्र विषयपत्रिकेच्या तळाशी राहतो. काम पूर्ण होते, उद्घाटन होते आणि पुढच्या उन्हाळ्यात नव्या बाकांवर दुर्गंधीमुळे कोणी बसत नाही. हा लेख नव्याने निवडून आलेले सदस्य, या विभागात नव्याने रुजू झालेले अधिकारी आणि सल्लागार समितीवर बोलावलेले नागरिक यांच्यासाठी आहे. कामांचा क्रम चुकला तर चांगल्या हेतूने खर्च केलेला पैसाही वाया जातो. म्हणून येथे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने ते हाती घ्यावेत, अशी आग्रहाची सूचना आहे.

पाणलोटाचा नकाशा आणि पायी पाहणी

सुरुवात समोच्च रेषांच्या, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांच्या, नकाशाने करावी. ओढ्याच्या मुखापासून वर जात, ज्या उंचवट्यांवरून पावसाचे पाणी या ओढ्याकडे उतरते त्यांची कड जोडत गेल्यास पाणलोटाची सीमा मिळते. या सीमेत उपओहोळ, बुजवलेले किंवा नळात घातलेले जुने प्रवाह, पर्जन्यवाहिन्यांची तोंडे, मैलावाहिन्या, रस्त्यांखालच्या मोऱ्या, बंधारे, दलदलीच्या जागा आणि प्रत्येक जागेची मालकी दाखवावी. मालकीचा रकाना नवख्यांना कंटाळवाणा वाटतो, पण पुढे काम अडते ते तेथेच. पात्र एका खात्याचे, काठ दुसऱ्याचे, पूल तिसऱ्याचा आणि पलीकडचा काठ शेजारच्या परिषदेचा, अशी स्थिती सर्रास आढळते.

याच नकाशावर डांबर, काँक्रीट आणि छपरांखाली गेलेली जमीन किती आहे हेही मोजावे. नागरी ओढ्यांच्या अभ्यासांत असे वारंवार आढळले आहे की पाणलोटाचा सुमारे १० टक्के भाग पाणी न मुरणारा झाला की ओढ्याची प्रकृती ढासळू लागते. हा आकडा काटेकोर सीमारेषा मानू नये. परंतु ४० किंवा ५० टक्के पाणलोट काँक्रीटखाली असताना केवळ पात्रात काम करून मूळचा ओढा परत मिळेल, असे आश्वासन कोणालाही देऊ नये.

नकाशा तयार झाल्यावर तो हातात घेऊन संपूर्ण लांबी पायी चालून पाहावी. एकदा सर्वांत कोरड्या दिवसांत आणि एकदा मोठ्या पावसानंतर लगेच, काठ सुरक्षित असेल तेथून. वाटेत भेटणाऱ्या जुन्या रहिवाशांना पूर कोठपर्यंत चढला होता हे आवर्जून विचारावे. कार्यालयातील जुन्या फायलीही वाचाव्यात, कारण ज्या काँक्रीटला आज आपण नावे ठेवतो ते बहुधा एखाद्या आपत्तीनंतर घातलेले असते. लॉस एंजेलिस नदीचे पात्र काँक्रीटमध्ये बंदिस्त करण्याच्या कामाला खरी गती मिळाली ती १९३८ च्या विनाशकारी पुरानंतर. पूर्वीच्या अभियंत्यांनी कोणत्या पुरासाठी किती क्षमता धरली होती हे समजल्याशिवाय त्यांची भिंत काढण्याचा प्रस्ताव मांडणे धोक्याचे आहे.

पाणलोट परिषदेची हद्द पाळत नाही. वरच्या बाजूच्या परिषदेने काही केले नाही तर खालच्या परिषदेचे काम दर पावसाळ्यात नव्याने सुरू होते. मेलबर्नमधील मेरी क्रीक या ओढ्यासाठी काठावरच्या नगरपालिका आणि नागरिकांचे गट यांची संयुक्त समिती १९८९ मध्ये स्थापन झाली. अशा समितीला स्वतःचा थोडा तरी निधी आणि एखादा पूर्णवेळ कर्मचारी हवा. अन्यथा तिच्या बैठका होतात, इतिवृत्ते लिहिली जातात आणि काम जागचे हलत नाही.

कोरड्या दिवसांत वाहणारे नळ

या संपूर्ण लेखातील एकच काम करायचे असेल तर ते हे करावे. सलग तीन दिवस पाऊस पडलेला नसताना ओढ्याला मिळणाऱ्या प्रत्येक पर्जन्यवाहिनीच्या तोंडाशी जाऊन उभे राहावे. पर्जन्यवाहिनी पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी असते. त्यामुळे पाऊस नसताना ती वाहत असेल तर ते पाणी दुसऱ्या कोठून तरी येत आहे हे उघड आहे.

तोंडाशी काय पाहावे? प्रथम वास, मग रंग, मग तापमान. नळाखालच्या दगडांवर राखाडी, कापसाच्या धाग्यांसारखा बुळबुळीत थर असेल तर मैलापाणी दीर्घकाळ येत आहे असे समजावे. सकाळी साबणाचा फेस आणि दुपारी काहीच नाही, असे असेल तर घरगुती सांडपाण्याची चुकीची जोडणी असण्याची शक्यता मोठी. आठवड्यातून काही ठरावीक दिवशीच तेलकट तवंग दिसत असेल तर वाहने धुण्याच्या किंवा दुरुस्तीच्या जागेकडे शोधाचा रोख वळवावा. पाणी स्वच्छ, थंड आणि दिवसभर एकाच वेगाने वाहणारे असेल तर तो झरा असू शकतो किंवा फुटलेली पिण्याच्या पाण्याची वाहिनी असू शकते. नमुन्यात क्लोरीनचा अंश सापडला तर दुसरी शक्यता बळावते आणि पाणीपुरवठा विभागाचाही फायदा होतो. उलट अमोनिया जास्त निघाला तर शोध मैल्याच्या दिशेने चालू ठेवावा.

त्यानंतर एकेक चेंबर उघडत वर जायचे. एका चेंबरमध्ये पाणी वाहताना दिसते आणि त्याच्या वरच्या चेंबरचा तळ कोरडा आहे, तर दोष या दोहोंच्या मधल्या टप्प्यात आहे. आता त्या टप्प्यातील प्रत्येक इमारतीच्या शौचालयात आणि न्हाणीघरात फ्लुरेसिनसारखा निरुपद्रवी हिरवा रंग पाण्यासोबत सोडून खाली लक्ष ठेवावे; ज्या इमारतीचा रंग पर्जन्यवाहिनीत उतरतो तिची जोडणी चुकलेली आहे. चेंबरमध्ये कोणीही उतरू नये, कारण आतील वायू क्षणात जीव घेऊ शकतात. झाकण उघडून वरून पाहणे आणि गरज पडल्यास कॅमेरा सोडणे एवढेच करावे.

चुकीची जोडणी सापडली की घरमालकाला थेट दंडाची नोटीस पाठवण्याची घाई करू नये. बहुतेक घरमालकांना आपली वाहिनी कोठे जोडली आहे हे ठाऊकच नसते, कारण ते काम त्यांच्याआधीच्या कोणीतरी करून घेतलेले असते. दुरुस्तीसाठी मुदत, तांत्रिक मदत आणि त्यानंतरही टाळाटाळ झाल्यास कारवाई, असा क्रम ठेवल्यास तक्रारी कमी होतात आणि काम लवकर उरकते. लंडनमधील टेम्स नदीचा मोठा पट्टा १९५७ मध्ये जैविकदृष्ट्या मृत ठरवला गेला होता. पुढे १९७४ मध्ये तेथे पुन्हा सामन मासा आढळला. मधल्या काळात मैलाशुद्धीकरण केंद्रांत मोठी सुधारणा झाली होती. ते काम लोकांना दिसणारे नव्हते, त्याच्या फिती कापण्याला कोणी गर्दी केली नसेल, पण मासा परतला तो त्यामुळेच.

मोजमाप : काम सुरू होण्यापूर्वीचे

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात अमेरिकेतील ३७,००० हून अधिक नदी पुनरुज्जीवन प्रकल्पांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा सुमारे १० टक्के प्रकल्पांतच कोणत्याही स्वरूपाचे मूल्यमापन झाल्याचे दिसले. उरलेल्या कामांनी नदी सुधारली की नाही हे खात्रीने सांगण्याची सोय कोणाकडेच उरली नाही. म्हणून काम सुरू होण्याच्या किमान एक वर्ष आधी मोजमाप सुरू करावे, म्हणजे सर्व ऋतू त्यात येतात. शिवाय जेथे काम होणार नाही असा त्याच स्वरूपाचा एक पट्टा तुलनेसाठी निवडावा. अन्यथा चांगल्या पावसाचे श्रेय प्रकल्पाला दिले जाते आणि दुष्काळाचा दोषही त्याच्याच माथी येतो.

पाण्याचे तापमान, गढूळपणा, विद्युतवाहकता, सामू (पाणी आम्ल की अल्क हे दाखवणारा आकडा), अमोनिया, फॉस्फेट आणि विरघळलेला प्राणवायू एवढ्या गोष्टी मोजल्या तरी पुष्कळ समजते. प्राणवायूबाबत दोन गोष्टी नवख्यांच्या हातून निसटतात. पहिली, पाणी जितके उबदार तितका प्राणवायू त्यात कमी मावतो: समुद्रसपाटीला १० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना जेमतेम ७.६ मिलिग्रॅम. काठावरची झाडे तोडल्याने माशांवर परिणाम होतो तो या कारणानेही. दुसरी गोष्ट वेळेची. शेवाळ दिवसा प्रकाशात प्राणवायू सोडते आणि रात्री तो वापरते, त्यामुळे दुपारी दोन वाजता उत्तम दिसणारा आकडा पहाटे धोक्याच्या पातळीखाली गेलेला असू शकतो. बहुतेक माशांना लिटरमागे सुमारे ५ मिलिग्रॅमपेक्षा कमी प्राणवायू सोसवत नाही, म्हणून खरी परीक्षा सूर्योदयापूर्वीच्या नमुन्याची असते. कार्यालयीन वेळेत घेतलेल्या नमुन्यांवर विसंबणारा अहवाल त्यामुळे संशयानेच वाचावा.

उपकरणे नसली तरी दगड असतात. वाहत्या उथळ पाण्यातला मुठीएवढा दगड अलगद उचलून पांढऱ्या ताटलीत उलटा धरावा आणि त्यावर थोडे पाणी ओतावे. पोटाच्या दोन्ही कडांना हलणारे कल्ले आणि मागे बहुधा तीन शेपट्या असलेली चपळ अळी दिसली तर ती मेफ्लाय या कीटकाची. दोन शेपट्यांची आणि चपटी असेल तर स्टोनफ्लायची. वाळूचे कण किंवा काटक्या चिकटवून केलेल्या नळीत राहणारी असेल तर कॅडिसफ्लायची. हे तिन्ही गट प्रदूषणाला हळवे असल्याने त्यांचे असणे हा पाण्याच्या बाजूचा भक्कम पुरावा आहे. ताटलीत केवळ लालभडक वळवळणाऱ्या अळ्या निघाल्या तर त्यांच्या रक्तातील हिमोग्लोबिनमुळे त्या अत्यल्प प्राणवायूतही तग धरतात हे लक्षात घ्यावे. रासायनिक नमुना त्या क्षणापुरते सांगतो. दगडाखालचे जीव मागच्या कित्येक महिन्यांचा हिशेब देतात. थोड्या प्रशिक्षणानंतर शाळकरी मुलेही ही पाहणी नीट करतात आणि दगड पुन्हा जागच्या जागी ठेवण्याची शिस्तही मोठ्यांपेक्षा चांगली पाळतात, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

पावसाचे पाणी वरच्या वर अडवणे

एक हेक्टर काँक्रीटवर २५ मिलिमीटर पाऊस पडला की अडीच लाख लिटर पाणी तयार होते आणि त्यातले बहुतेक काही मिनिटांत ओढ्यात पोहोचते. हा अचानक लोंढा पात्र खरवडतो, काठ पोखरतो आणि रस्त्यावरचे तेल, टायरची भुकटी व कचरा पहिल्या सरीबरोबरच घेऊन येतो. उरलेल्या काळात ओढा कोरडा पडतो, कारण जमिनीत मुरून सावकाश झिरपणारे पाणीच उरत नाही.

यावरचे उपाय लहान आणि विखुरलेले असतात: छपराचे पाणी घेणारी पर्जन्यबाग, रस्त्याकडेचा गवताळ उथळ चर, पाणी मुरू देणारी फरसबंदी, साठवण टाकी. सुरुवात परिषदेने स्वतःच्या कार्यालयांपासून, शाळांपासून आणि वाहनतळांपासून करावी. नागरिकांना उपदेश करण्यापूर्वी स्वतःचे छप्पर दाखवता आले पाहिजे. त्याच जोडीने बांधकाम नियमांत अशी अट घालावी की नव्या बांधकामानंतर जागेबाहेर जाणाऱ्या पाण्याचा वेग बांधकामापूर्वीपेक्षा वाढू नये. मुरणारी फरसबंदी गाळाने बुजते आणि वेळोवेळी यंत्राने साफ करावी लागते. ती तरतूद नसेल तर तिच्यावर खर्च करू नये.

पात्राला जागा देणे

पाण्याची प्रत सुधारू लागली, लोंढा थोडा तरी आटोक्यात आला, म्हणजे पात्राकडे वळावे. नैसर्गिक ओढ्यात खोल डोह आणि उथळ खळाळ आलटून पालटून येतात आणि दोन लागोपाठच्या डोहांमधले अंतर साधारणपणे पात्राच्या रुंदीच्या पाच ते सात पट असते. सरळ केलेल्या पात्रात ही रचना नष्ट होते, पाणी सर्वत्र एकाच खोलीने व वेगाने वाहते आणि माशांना ना आसरा मिळतो ना अंडी घालण्याची जागा. ती परत आणण्यासाठी सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे आडवी जागा.

सिंगापूरमधील बिशान-आंग मो किओ उद्यानात कलांग नदीचा २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीट कालवा काढून तेथे ३.२ किलोमीटरची वळणदार नदी तयार करण्यात आली. हे उद्यान २०१२ मध्ये खुले झाले. शेजारीच मोकळे उद्यान असल्याने पुराच्या वेळी पाण्याला पसरायला मैदान मिळाले, हे त्या यशाचे मर्म आहे. झुरिचने १९८८ पासून बुजवलेले ओढे उघड्यावर आणण्याचे धोरण राबवले, त्यामागे सौंदर्याइतकाच हिशेबही होता: ओढ्यांचे स्वच्छ पाणी मैलावाहिन्यांत शिरून शुद्धीकरण केंद्रांवर विनाकारण भार टाकत होते. याउलट सोलमधील चंग्येचोनचे उदाहरण जपून द्यावे. २००३ ते २००५ या काळात तेथील उन्नत महामार्ग पाडून सुमारे ५.८ किलोमीटर प्रवाह उघडा केला गेला आणि शहराच्या मध्यभागी त्याने मोठा बदल घडवला. परंतु त्यातले पाणी प्रामुख्याने पंपांनी आणलेले असते. सार्वजनिक जागा म्हणून त्याचे कौतुक जरूर करावे. मात्र आपल्या परिषदेत कोणी तसाच आराखडा मांडला तर पंपांचा वीजखर्च कोण भरणार, हे आधी विचारावे.

काठालगत झाडाझुडपांचा पट्टा ठेवताना रुंदीचा प्रश्न येतोच. गाळ अडवण्यास दहा मीटरही उपयोगी ठरतात. पोषकद्रव्ये अडवणे आणि प्राण्यांना वावर देणे हे हेतू असतील तर प्रत्येक बाजूला सुमारे ३० मीटरचा पट्टा सुचवला जातो. दाट वस्तीत एवढी जागा मिळत नाही, म्हणून काहीच न करणे हा मात्र पर्याय नाही. एका बाजूला मिळेल तेवढी जागा राखावी. दगडी पिचिंग किंवा गॅबियन (दगड भरलेल्या तारेच्या जाळ्या) पुलाच्या पायाशी आणि वाहिन्या ओलांडतात तेथेच वापरावेत. इतरत्र उतार सौम्य करून, काथ्याच्या जाळ्या अंथरून, स्थानिक गवते व झुडपे लावणे बहुधा पुरते. मोऱ्यांकडे विशेष लक्ष द्यावे: मोरीचे खालचे तोंड पात्राच्या पातळीपेक्षा हातभर उंच असेल तर वर जाणाऱ्या माशांसाठी ती भिंतच ठरते आणि ती दुरुस्ती एखाद्या मोठ्या प्रकल्पापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

अधिवास : रिकामी दिसणारी जागा रिकामी नसते

परिषदांच्या कामात अधिवासाचे सर्वांत जास्त नुकसान वृक्षारोपणाने होते, असे म्हटले तर आश्चर्य वाटेल. पण गवताळ माळ, दलदल, वाळूची बेटे आणि चिखलाचे पट्टे यांना मोकळी जागा समजून तेथे दाट झाडी लावली की उघड्यावर घरटी करणारे पक्षी आणि उथळ पाण्यात चरणारे पाणपक्षी निघून जातात. खंड्या आणि वेडा राघू उभ्या मातीच्या दरडीत बीळ खोदून अंडी घालतात. ती दरड ओबडधोबड दिसते म्हणून तिला उतार देऊन दगड बसवले जातात आणि वसाहत एका आठवड्यात संपते. त्यामुळे आराखडा काढण्यापूर्वी किमान एका वर्षाची जीवपाहणी करावी, विणीच्या काळात यंत्रे पात्रात उतरवू नयेत आणि पात्रात पडलेले लाकूड पुलाला धोका नसेल तेथे राहू द्यावे, कारण त्याच्या आडोशाला मासे आणि कीटक दोन्ही वाढतात. काठावर दिवे लावायचेच असतील तर ते खाली झुकलेले, पिवळसर आणि मंद असावेत व त्यांचा झोत पाण्यावर पडू नये.

जलपर्णीबद्दल वेगळे सांगायला हवे. मूळची दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती अनुकूल पाण्यात सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते आणि तिचे बी गाळात अनेक वर्षे जिवंत राहते. ती काढण्याचे कंत्राट दर वर्षी निघते, कारण ज्या मैलापाण्यावर ती पोसली जाते ते तसेच येत राहते. काढणी वरच्या बाजूकडून खाली करावी, काढलेला ढीग काठावर न ठेवता पुराच्या पातळीबाहेर नेऊन त्याचे खत करावे आणि प्रत्येक फेरीत राहिलेली तुरळक रोपे हाताने वेचावीत. नियोकेटिना जातीचे भुंगेरे जैविक नियंत्रणासाठी अनेक देशांत सोडले गेले आहेत. मात्र तो निर्णय परिषदेने स्वतःच्या अधिकारात घेऊ नये, त्यासाठी शासकीय परवानगी आणि तज्ज्ञांची देखरेख लागते.

परिषदेचे स्वतःचे घर

उद्यानांत वापरली जाणारी खते व तणनाशके, झाडलोटीनंतर चेंबरमध्ये ढकलला जाणारा पालापाचोळा आणि परिषदेच्याच वाहनांची धुलाई या तीन गोष्टी तपासल्या तर पुष्कळदा प्रदूषकांच्या यादीत परिषदेचेच नाव सापडते. उद्यानासाठी शुद्ध केलेले सांडपाणी वापरणे, पाचोळ्याचे खत करणे, काठाची गवतकापणी एका वेळी एकाच बाजूने करणे हे निर्णय आयुक्तांच्या एका परिपत्रकाने होऊ शकतात. त्यासाठी वेगळ्या शाश्वतता धोरणाची वाट पाहण्याचे कारण नाही.

निविदा, देयके आणि पहिला पूर

पुनरुज्जीवनाचे काम नेहमीच्या बांधकामाच्या नमुन्यात निविदेला काढले की भिंतीच्या मीटरवर आणि लावलेल्या रोपांच्या संख्येवर देयके निघतात. मग कंत्राटदार भिंत लांबवतो आणि रोपे दाटीने लावतो; यात त्याचा दोष कमी आणि मोजमाप पुस्तकाचा जास्त. त्याऐवजी देयकाचा मोठा हिस्सा तिसऱ्या वर्षाअखेर जगलेल्या रोपांशी, बंद झालेल्या मैल्याच्या तोंडांशी आणि स्थिर राहिलेल्या काठाशी जोडावा. देखभालीसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्ष हवे. ते नसेल तर भांडवली कामाला मंजुरी देऊ नये, इतकी ही अट कठोर असावी.

निविदेत आणखी एक कलम आठवणीने घालावे. नवे पात्र पहिल्या मोठ्या पुरात थोडे सरकते, कोठे गाळ साचतो, कोठे काठ तासला जातो, आणि दुसऱ्याच दिवशी यंत्रे लावून सारे पूर्ववत करण्यासाठी दबाव येतो. पात्र किती मीटरपर्यंत सरकले तर ते मान्य, कोणत्या ठिकाणी अजिबात मान्य नाही आणि निर्णय कोणी व किती दिवसांत घ्यायचा, हे आधीच लिहून ठेवलेले असेल तर पूर ओसरल्यावर प्रथम मोजणी होते, छायाचित्रे घेतली जातात आणि पूल, घरे किंवा वाहिन्या यांना धोका असेल तेवढ्याच जागी यंत्र उतरते. इतरत्र पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबावे आणि त्याच खुणांवरून पुन्हा मोजावे.